खिडकीबाहेरचा दिवा

कामिल्लोनं छडीचं टोक फळ्यावरच्या एका शब्दाखाली टेकवलं आणि तो तिथंच अडकला.

"नाव वाऱ्यानं भरकटली, पण सगळे... सगळे..."

वर्गात अकरा पुरुष होते. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. शेतातून थेट आल्यामुळे त्यांच्या बुटांचा चिखल शेगडीच्या उबेनं वाळून जमिनीवर पडत होता. कुणी खोकलं. एवारिस्तो मास्तर घाई करत नसत. आयुष्यात त्यांनी कधी कुणाला घाई केली नव्हती.

"सावकाश," ते म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून."

कामिल्लोनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथंच येऊन थांबला. कान लाल झाले.

"किनाऱ्याला," मागून आवाज आला. "सगळे किनाऱ्याला लागले."

सगळ्यांनी माना वळवल्या. शेगडीजवळ कामिल्लोची आई लोरेता टकळीवर लोकर कातत बसली होती. तिनं मान वरही केली नाही.

खेचरवाला फेलिचे मांडीवर थाप मारून हसला. "कामिल्लो, तू घरी बस बाबा. तुझ्या तिकिटावर काकूंनाच पाठवू अमेरिकेला."

"मला कशाला धाडता?" लोरेता म्हणाली. "तिथं बायकांना वाचता आलं नाही तरी चालतं म्हणे. बाईला काय येतं, हे तिथंसुद्धा कुणी विचारत नाही."

हे खरं होतं. महायुद्धाच्या धामधुमीत अमेरिकेनं नवा कायदा केला होता: सोळा वर्षांवरच्या पुरुषाला, कुठल्या का भाषेत होईना, चाळीसेक शब्द वाचता आले पाहिजेत, नाही आले, तर आल्या बोटीनं परत. तीस वर्षं एवारिस्तो मास्तर रोक्कास्पिनाच्या डोंगरावर पोरांच्या मागं धावले, आणि पोरं शेळ्यांच्या मागं धावली. आता तीच पोरं दाढीमिशांची होऊन, प्रत्येकी एक लाकूड काखोटीला मारून, संध्याकाळी स्वतःच्या पायांनी शाळेत येत होती. लाकूड शेगडीत टाकायचं आणि बाकावर बसायचं. जो शिकला, तो गेला. "मास्तर, तुमचा फळा म्हणजे गावाचा मागचा दरवाजा आहे," असं पाद्रीबाबा म्हणत.

लोरेता डिसेंबरपासून येत होती. धाकट्या कामिल्लोबरोबर एक लाकूड आणायची आणि शेगडीजवळ बसायची. इथं बसलं की घरचं सरपण वाचतं, असं ती सांगे. पण वसंतात जाणाऱ्या मुलाला जितकं डोळ्यांपुढं ठेवता येईल तितकं ठेवावं, हेच तिच्या मनात असणार, असं मास्तरांना वाटे.

"लोरेता, हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी कशाला शिकवायला हवं? दोन महिने तोंडासमोर फळा आहे. भिंत असती तर भिंतीतले दगड पाठ झाले असते."

मास्तरांनी फळ्यावर 'शेळी' लिहिलं. तिनं वाचलं. 'चुना' लिहिलं, तेही वाचलं. 'आगबोट'ला ती जराशी थांबली, ओठ हलले, मग तोही शब्द सुटला. अडुसष्ट वर्षांच्या मास्तरांचे डोळे लहान पोरासारखे चमकले. न शिकवता शिकलेलं माणूस शिक्षकाला जन्मात एखाद्या वेळीच भेटतं.

"आता माझ्या पोराचं नाव लिहा," लोरेता म्हणाली.

मास्तर 'कामिल्लो' लिहू लागले.

"ह्याचं नव्हे. मोठ्याचं."

खडू क्षणभर हवेत राहिला. मग त्यांनी लिहिलं: पान्फिलो.

लोरेतानं टकळी मांडीवर ठेवली आणि बराच वेळ त्या नावाकडं पाहिलं.

"असं दिसतं होय," ती म्हणाली. "हे मी पाहिलंय. पिठाच्या पेटीत शेवटचं पत्र आहे ना, त्यात पहिल्या पानावर हे दोनदा आहे."

मास्तरांनी फळा पुसला. मग पुसलेला फळा पुन्हा एकदा पुसला.

*

ते पत्र युद्ध पेटलं त्या वर्षी, ऑक्टोबरात आलं होतं. लोरेताच्या नवऱ्याला पुरून नऊ दिवस झाले होते. ती काळी शाल गुंडाळून पत्र घेऊन आली, मास्तरांच्या समोर बसली आणि नेहमीप्रमाणे हात मांडीवर ठेवून ऐकायला तयार झाली. पत्र पान्फिलोचं नव्हतं. त्याच्याबरोबर अमेरिकेत दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या गावकऱ्याचं होतं. पहिल्या चार ओळींतच मास्तरांना कळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. समोरच्या बाईच्या डोळ्यांखाली नऊ दिवसांचं जागरण होतं. आज नको, त्यांनी ठरवलं. महिन्यानं सांगू.

"पान्फिलो ती खाण सोडून गेलाय," ते म्हणाले होते. "खूप लांब, पश्चिमेला. तिकडून टपाल येत नाही."

"खुशाल आहे ना?"

"आता त्याला कसला त्रास नाही."

महिना झाला. मग समुद्रात बोटी बुडू लागल्या, टपाल बंद पडलं, आणि लोरेतानं मास्तरांच्या खोटेपणाला स्वतःच टेकू दिला: "युद्ध संपल्याशिवाय कसं पत्र येणार!" युद्ध संपलं. नाताळला आणि ईस्टरला ती येऊन बसे आणि पान्फिलोला पत्र सांगे. मास्तर लिहून घेत आणि आपल्या टेबलाच्या खणात ठेवत. असली अकरा पत्रं त्या खणात होती. एकेक वर्ष गेलं तसं सांगणं जड होत गेलं, थेंबाथेंबानं भरत जाणारा घडा उचलायचा राहून जावा तसं.

आणि आता ती वाचू लागली होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शेगडीजवळची तिची खुर्ची खांबाआड सरकवली. तिनं येऊन ती पहिल्या जागी ठेवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर बारीक अक्षर काढलं. ती उठून पहिल्या बाकावर, फेलिचेच्या शेजारी येऊन बसली.

"काकू, माझी नक्कल करू नका हं," फेलिचे म्हणाला.

"तुझी नक्कल केली तर मलाही बोटीतून परत पाठवतील."

मग तिनं पाटी पुढं केली. "मास्तर, हे दोन जोडून आले की काय म्हणायचं?"

त्या घटकेला मास्तर एवढंच म्हणू शकले असते की आज वेळ नाही. पण पाटी पुढं करणाऱ्याला त्यांनी कधी परत पाठवलं नव्हतं. ते तिच्या शेजारी वाकले आणि दोन अक्षरं जोडून आली की काय म्हणायचं, ते सावकाश सांगू लागले.

कामिल्लोचं वाचन सुधारत होतं. तो अमेरिकेत गावच्याच एका माणसाच्या बेकरीत कामाला जाणार होता. तिकिटासाठी लोरेतानं नाताळाआधी दारातला अक्रोड एका सुताराला विकला होता. फेलिचेनं वर्गात ही बातमी सांगितली, तेव्हा मास्तरांच्या हातातला खडू मोडला होता. थंडीनं बोटं आखडलीत, असं ते म्हणाले होते.

मार्चच्या सुरुवातीला एकदा फळा पुसायला कामिल्लो मागं थांबला.

"मास्तर, पश्चिमेला म्हणजे नक्की कुठं हो?"

"का?"

"आठवड्याला सुट्टी असते म्हणे एक दिवस. पैसे साठले की जाईन. शोधीन त्याला. एवढा ताडमाड माणूस, डाव्या भुवईत खोकेचा वण. कुणीतरी पाहिलाच असेल."

त्या रात्री मास्तर जेवले नाहीत.

*

ईस्टरच्या आधीच्या रविवारी, जैतुनाच्या डहाळ्या हातात घेऊन लोक चर्चमधून घरी परतत असताना, मास्तर लोरेताच्या दारात उभे राहिले. वाटेत त्यांनी वाक्य जुळवून ठेवलं होतं. लोरेता कणीक मळत होती. कामिल्लो खिडकीशी बसून पेटीचा चामडी पट्टा शिवत होता. बाहेर अक्रोडाचं खोड गुडघ्याएवढं उरलं होतं, वर्तुळं अजून पांढरी होती.

"बरं झालं आलात," लोरेता म्हणाली. "ईस्टरचं पत्र लिहायचंय पान्फिलोला."

"लोरेता, आधी मला जरा..." मास्तर कामिल्लोकडं वळले. "बाळ, विहिरीवरून ताजं पाणी आणतोस?"

"पाणी भरलेलं आहे," लोरेता म्हणाली.

"मग पाद्रीबाबांकडून..."

"तो पट्टा शिवतोय. शिवू दे त्याला." तिनं हाताची कणीक खरवडली, टेबल पुसलं आणि कागद मांडला. "लिहा."

मास्तर बसले. लेखणी बुडवली.

"लिहा, तुझा भाऊ येतोय. वाचायला शिकलाय. त्याला सांभाळ. झोपेत पांघरूण फेकतो, आणि मग खोकतो."

"आई, असलं काय लिहितेस," कामिल्लो म्हणाला.

"लिहा, मी बरी आहे. तुझा बाप गेला तेव्हा तू नव्हतास म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. लांब असलेल्या माणसाला सगळं वेळेवर थोडंच कळतं."

मास्तरांची लेखणी अडखळली, कागदावर ठिपका पडला.

"बास," लोरेता म्हणाली. "आता इकडं द्या. खाली दोन ओळी मी लिहिते."

कामिल्लो हसला. "बघा मास्तर, आता तुमची गरज नाही हिला."

ती खाली मान घालून लिहू लागली. लेखणी मुठीत, कणीक मळायच्या जोरानं. दोन ओळींना तिला चांगलाच वेळ लागला; डावा हात कागदाभोवती कुंपणासारखा होता. मग तिनं फुंकर मारली, घडी घातली आणि पत्र मास्तरांच्या हातात दिलं.

"चुका असतील, मास्तर," ती त्यांच्या डोळ्यांत पाहत म्हणाली. "तुम्ही बघालच."

मास्तरांना भरून आलं. सगळ्या गावाची पत्रं त्यांनी उघडली होती, वाचली होती; पण आईनं पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं मुलाला लिहिलेल्या ओळींत डोकावणं त्यांना चोरी वाटली.

"आईच्या पत्रात चुका नसतात," ते म्हणाले, आणि घडी न उघडता पत्र त्यांनी खिशात ठेवलं.

लोरेता काहीतरी बोलणार होती. कामिल्लोकडं पाहून ती पुन्हा कणकेकडं वळली.

जुळवून ठेवलेलं वाक्य तसंच घेऊन मास्तर घरी आले. त्यांनी खण उघडला, बारावं पत्र अकरांवर ठेवलं आणि खण लावून टाकला.

*

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कामिल्लो गेला. वळणावरच्या छोट्या देवळापर्यंत सगळे पोचवायला गेले. त्यापुढं कुणी जायचं नसतं. लोरेतानं पाव मोडून अर्धा त्याला दिला, अर्धा शालीखाली ठेवला आणि मागं न पाहता चढ चढू लागली. गेलेल्याच्या मागं तीन दिवस घर झाडत नाहीत. तिनं आठवडाभर झाडलं नाही.

जूनमध्ये त्याचं पत्र आलं. ते तिनं कारंज्याजवळ, पाण्याला आलेल्या बायकांसमोर स्वतः वाचलं. बंदरावर चाळीस शब्द होते, सगळे आले, त्यात किनारा हा शब्दच नव्हता. बायका हसल्या. मग त्यांतल्या दोघीतिघी आपापली पत्रं घेऊन तिच्याकडंच जाऊ लागल्या.

"काकू, तुम्ही फार रोखठोक वाचता," एकीनं तक्रार केली. "मास्तर किती गोड वाचायचे."

"मास्तर गोडच आहेत," लोरेता म्हणाली, आणि पुढची ओळ वाचली.

मास्तर तिच्या गल्लीनं जाणं टाळू लागले. पेटीतलं पत्र तिनं वाचलं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं, आणि विचारायचं धैर्य होत नव्हतं. कधी वाटे, त्या गावकऱ्याचं गिचमिड अक्षर तिला लागलं नसेल. कधी वाटे, कामिल्लोला तिथं कुणीतरी सांगेलच, तो लिहील, आणि मग आपल्याला काही बोलावं लागणार नाही. असल्या आशेची त्यांना लाज वाटे, तरी ती त्यांना सोडवत नसे.

"लोरेताकाकू विचारत होत्या," जुलैत फेलिचे म्हणाला, "मास्तर आजारी आहेत का?"

"नाही रे. उन्हाचा त्रास होतो."

सप्टेंबरात त्यानं पुन्हा निरोप आणला. "म्हणाल्या, ऊन उतरलंय म्हणावं."

मास्तर गेले नाहीत.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला पहाटे, मृतांच्या प्रार्थनेला जायला ते बाहेर पडले. आदल्या संध्याकाळी लावलेले दिवे गावभर खिडक्यांत अजून तेवत होते. ज्या घरात जेवढी माणसं गेली, तेवढे दिवे. समुद्रापलीकडं मेलेल्याचा दिवा मात्र खिडकीच्या बाहेरच्या काठावर ठेवायचा. लांबून यायचं असतं, वाट दिसली पाहिजे. मास्तरांच्या खिडकीत एकच होता, बायकोचा. धुकं होतं म्हणून असेल, किंवा पाय सवयीनं वळले म्हणून असेल, ते लोरेताच्या गल्लीत शिरले.

तिच्या खिडकीत दर वर्षी तीन दिवे असत: सासरा, सासू, नवरा. मास्तरांनी मोजले. आत तीन होते.

बाहेरच्या काठावर चौथा होता.

शेवटी कामिल्लोनं आईला लिहिलं, हाच विचार मास्तरांच्या मनात आधी आला, आणि त्याच्या पाठोपाठ एक सुटकेचा श्वास आला, ज्याबद्दल त्यांनी स्वतःला कधी क्षमा केली नाही. प्रार्थनेला न जाता ते घरी परतले. ज्याला पाठवायची ती पत्रं होती त्याचा दिवा लागला होता. निदान पत्रं तरी आता त्याच्या आईला परत द्यावीत. त्यांनी खण उघडला. सर्वांत वर ईस्टरचं पत्र होतं. घडी सैल पडली होती, आणि खालच्या दोन ओळींतलं पहिलं अक्षर बाहेर डोकावत होतं. ते 'प' नव्हतं.

त्यांनी घडी उघडली.

"मास्तर," मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, "पत्र मी वाचलं. आता पोराला सांगू नका. तो माझ्यासाठी इथं राहील आणि या डोंगराचे दगड फोडून मरेल. तो गेला की या. दुसरं पान मला लागत नाही. ते वाचून दाखवा."

एप्रिलपासूनचे महिने मास्तरांनी बोटांवर मोजले, पहिलीतल्या मुलासारखे.

*

दार उघडंच होतं. लोरेता चुलीपुढं बसली होती. तिनं मास्तरांकडं पाहिलं, त्यांच्या हातातल्या बारा पत्रांकडं पाहिलं.

"उशीर केलात," ती म्हणाली.

"मी ते... तू लिहिलेलं मी उघडलंच नव्हतं. आज पाहिलं."

"आज?"

"मला वाटलं, ते त्याला लिहिलंयस."

"अख्ख्या गावाची पत्रं वाचलीत," लोरेता म्हणाली, "आणि मी एक दिलं..." वाक्य तिनं तसंच सोडलं. उठून तिनं टेबलाशी खुर्ची ओढली. "कामिल्लोला मीच लिहिलं मागच्या महिन्यात. उगाच वणवण करील पोर. मला वाटलं होतं, तुम्ही वाचून दाखवलं की मग लिहावं. बसा."

पिठाच्या पेटीतून तिनं पत्र काढलं. घड्यांवर कागद विरला होता, कडांना पीठ लागलं होतं. दुसरं पान पेन्सिलीनं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं होतं. मास्तरांनी चष्मा लावला. सहा वर्षांपूर्वी त्यांची नजर या पानावरून फक्त एकदा धावली होती, पण त्यातलं एक वाक्य ते कधी विसरू शकले नव्हते.

"'दगड सकाळी पडला,'" ते वाचू लागले. "'संध्याकाळपर्यंत तो शुद्धीवर होता. आम्ही गावचे तिघं त्याच्याजवळ होतो. एकटा नव्हता तो, हे त्याच्या आईला जरूर सांगा.'"

लोरेतानं डोळे मिटले. "हे मला लागलं नव्हतं," ती म्हणाली. "एकटा नव्हता."

"'पाणी मागितलं, ते दिलं. घरची आठवण काढत होता. म्हणाला, आईला सांगा...'"

मास्तर थांबले. बोट शब्दाखाली टेकलं होतं, ते हलेना. खिडकीबाहेर धुक्यात ते खोड दिसत होतं. त्याची वर्तुळं आता काळी पडली होती. एक ओळ. नजर एक ओळ खाली उतरवायची, एवढंच होतं. हे त्यांना जमत होतं. सहा वर्षांपूर्वी तर अख्खं पत्र त्यांनी असंच ओलांडलं होतं.

लोरेतानं डोळे उघडले. ती वाट पाहत राहिली. मग खुर्ची सरकवून शेजारी आली, वाकली आणि त्यांच्या बोटापुढं आपलं बोट ठेवलं.

"अ..." ती म्हणाली. "अक्... अक्रो..."

मास्तरांनी तिला मदत केली नाही, आणि थांबवलंही नाही.

"अक्रोड," लोरेतानं वाचलं. "अक्रोड... विकू... नका... म्हणावं."

चुलीत लाकूड फुटलं. तिनं खिडकीबाहेर पाहिलं नाही. बोट मात्र त्या शब्दावरून पुढं सरकायला बराच वेळ लागला.

"'मी येईन तेव्हा,'" पुढची ओळ मास्तरांनी वाचली, "'त्याच्याखाली बसायचंय.'"

मग खाली लिहिणाऱ्याची सही होती, बाकी काही नव्हतं.

लोरेता उठली. कोनाड्यातून तिनं तेलाची बुधली घेतली, खिडकी उघडली आणि बाहेरच्या काठावरच्या दिव्यात तेल घातलं. उजाडलं होतं, ज्योत दिसतही नव्हती. खिडकी लावून ती परत आली, खुर्चीवर बसली आणि हात मांडीवर ठेवले.

"पुन्हा पहिल्यापासून," ती म्हणाली. "सावकाश."